अखंडरावांच्या पाळीत माफी नाही

राष्ट्रीय वाहिनीवर दिवसभर जे काही दिसतं, त्यातलं काहीही माझे भाऊजी तयार करत नव्हते. ते फक्त ते बंद पडू देत नव्हते. एवढंच त्यांचं काम, आणि काळ्याचे पांढरे होईपर्यंत त्यांनी ते केलं. निवेदक, गायक, बातम्या देणारे सगळ्यांच्या ओळखीचे असतात. तळमजल्यावर नियंत्रण कक्षात, भिंतभर पडद्यांसमोर बसलेला माणूस कुणाला ठाऊक असतो? त्याचं काम नीट चाललं असेल तर त्याची आठवण यायचं कुणाला कारणच नाही.

मी त्याच इमारतीत, दोन मजले वर, लोकांच्या तोंडाला पावडर लावते. मंत्री असो, पहिलवान असो की हवामान सांगणारा, माझ्या खुर्चीत बसला की सगळ्यांची टक्कलं सारखीच चमकतात. त्यामुळे मला कुणाचं फारसं अप्रूप वाटत नाही. भाऊजींचं वाटायचं, पण ते मी त्यांना कधी कळू दिलं नाही. मेहुणीने भाऊजींना डोक्यावर चढवून ठेवलं तर बहिणीने कुठे जायचं?

आमच्याकडे एक शब्द होता, माफी. कार्यक्रम चालू असताना बाहेरून येणारी लाइन तुटली किंवा टेप अडकली की पडदा काळा होतो. तेव्हा नियंत्रण कक्षातल्या माणसाने झटकन बटण दाबून राखीव लाइनवर जायचं. त्याला नाहीच जमलं, तर चारपाच श्वासांनी एक जुनं यंत्र आपलं आपण सुरू व्हायचं, पडद्यावर निळी पाटी यायची आणि एका बाईचा आवाज प्रेक्षकांची क्षमा मागायचा. याला सगळे 'माफी गेली' म्हणत. ज्याच्या पाळीत माफी जाईल त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्या मजल्यांवर फिरून चहा पाजायचा, असा दंडक होता. चहाचं काही नाही हो, पण किटली घेऊन जिना चढणाऱ्याकडे लोक ज्या नजरेने बघत ना, ती झोंबायची. भाऊजींनी ती किटली कधी उचलली नाही. म्हणून अख्खी इमारत त्यांना अखंडराव म्हणायची.

आणि माफी मागणारा तो आवाज होता माझ्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा.

ताई तेव्हा वाहिनीवर निवेदिका होती. आता अमुक पाहू या, यानंतर तमुक सादर आहे, असं म्हणत ती दिवसभराचे कार्यक्रम एकाला एक जोडायची. सगळं थेट. बोललेलं हवेत जायचं आणि संपायचं. चुकून काही टेपवर राहिलंच, तर पुढच्या आठवड्यात त्याच टेपवर फुटबॉलचा सामना भरला जायचा, कारण टेपांचा कायम तुटवडा. मग ते माफीचं यंत्र आलं आणि त्यात आवाज कुणाचा भरायचा असा प्रश्न निघाला. ताईला बोलावलं. काचेपलीकडे बटणांवर भाऊजी होते. दोघांच्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे अजून एकमेकांना हसवायची हौस होती. वाक्यं साधीच होती: "थोड्याशा व्यत्ययाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कृपया कुठे जाऊ नका. आम्ही लवकरच परत येत आहोत." पण दिलगीर म्हणून झाल्यावर ताईने मान वर केली, तर काचेमागे भाऊजी तोंड वेडंवाकडं करून उभे. तिला हसू फुटलं. तिने ते गिळलं आणि 'कृपया कुठे जाऊ नका' म्हणाली, पण ते गिळलेलं हसू आवाजात उरलंच. पुन्हा भरू या का, असं विचारल्यावर तेव्हाचे साहेब म्हणाले, राहू दे, हसून माफी मागितली की लोक कमी चिडतात.

बाहेर आल्यावर ताईने भाऊजींना धारेवर धरलं. म्हणजे तुमचं काम बिघडलं तरच माझा आवाज ऐकू येणार का, म्हणाली. त्यावर ते छाती पुढे काढून म्हणाले, "मी आहे तोवर तुला तोंड उघडायची वेळ येऊ देणार नाही." नवऱ्याने बायकोला असं तोंडावर सांगावं आणि बायकोने खूश व्हावं, असा तो एकच प्रसंग असेल.

पुढे ती त्यांच्या संसारातली कायमची थट्टा होऊन बसली. घरातले दिवे गेले, दूध उतू गेलं, पाहुण्यांना गोष्ट सांगता सांगता भाऊजी मधेच अडकले, की ताई लगेच वाहिनीचा आवाज काढायची: कृपया कुठे जाऊ नका. पाहुणे पोट धरून हसायचे. भाऊजी मात्र गंभीरपणे म्हणायचे की हे घरचं प्रक्षेपण आहे, हे आमच्या पाळीत धरायचं नाही.

मग ताई आजारी पडली. दवाखान्याच्या खेपा झाल्या, डॉक्टर बदलले, औषधं बदलली, आणि एका सकाळी ती गेली. भाऊजी रडले नाहीत. रजा संपल्यावर पाळीवर हजर झाले. डबा तोच, खुर्ची तीच. लोक म्हणाले, माणूस दगडाचा आहे. असं म्हणणाऱ्यांतले दोघे बातम्या द्यायचे, त्यांना मी त्या आठवड्यात पावडर जरा जाडच थापली.

पुढे काही महिन्यांनी, भाऊजींच्या सुट्टीच्या दिवशी, मी एका डॉक्टरांना आरोग्याच्या कार्यक्रमासाठी तयार करत होते. माझ्या खोलीतला टीव्ही काळा झाला. मग निळा झाला. आणि ताई बोलली. ब्रश त्या डॉक्टरांच्या नाकावर तसाच राहिला. ताईने दिलगिरी व्यक्त केली, हसू गिळलं, कुठे जाऊ नका म्हणाली आणि चित्र परत आलं. मी हमसून हमसून रडायला लागले. डॉक्टर बिचारे घाबरून आरशात स्वतःचा चेहरा तपासत बसले.

काम उरकून मी तडक भाऊजींच्या घरी गेले. ते बाजारातून येतच होते, हातात भाजीची पिशवी. दारातच सांगितलं. त्यांनी विचारलं, सगळं वाक्य गेलं का? म्हटलं, सगळं. मग विचारलं, "हसली?"

"हसली," मी म्हटलं.

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि उंबऱ्यातच बसले. "मी नेमका बाजारात," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी सुट्टीच्या दिवशी घराबाहेर पडणं सोडलं.

मला आधी वाटलं, एकटा माणूस, वेळ जात नसेल. सुट्टी असली की ते सकाळच्या व्यायामापासून टीव्हीसमोर बसायचे. व्यायाम झाला की मुलांची कार्टूनं, मग बागकाम, मग एक बाई केक करून दाखवायची तो कार्यक्रम, मग दुपारच्या बातम्या, मग सासू-सुनांची मालिका, आरोग्य, सामना, प्रश्नमंजूषा, संध्याकाळच्या बातम्या, हवामान. ज्या माणसाला चहासुद्धा नीट करता येत नाही, तो केक फुगतो की बसतो हे डोळ्यांत तेल घालून बघायचा. मी चिडवायचे की भाऊजी, आता तुम्हाला त्या मालिकेतल्या सासूच्या जागी घ्यायला हरकत नाही. ते नुसते मान हलवायचे.

एका सुट्टीला मी डबा घेऊन गेले तेव्हा सामना चालू होता. मधेच चित्र थरथरलं आणि गेलं. भाऊजी उठून उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघत होते, टीव्हीकडे नाही. शाळेच्या फाटकाशी आपलं मूल कधी बाहेर येतंय म्हणून आयाबाया उभ्या असतात ना, तसा चेहरा. लगेच चित्र परत आलं. भाऊजी सावकाश खाली बसले. "जमवलंन," ते म्हणाले. ड्यूटीवरच्या अभियंत्याला उद्देशून. तो त्यांनीच तयार केलेला. सगळेच त्यांनी तयार केलेले. प्रत्येकाला त्यांनी शिकवलं होतं की काळा पडदा दिसला की आधी हात, मग डोकं. आता ते स्वतः घरी बसून वाट बघत होते की त्यातल्या एकाचा तरी हात चुकावा, आणि कुणाचा चुकत नव्हता.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी त्यांच्यावर उखडलेच. म्हटलं, भाऊजी, यंत्र तुमच्या खुर्चीशेजारी आहे. त्यातून टेप काढा, घरी आणा, नाहीतर तिथेच कानाला लावून ऐका. यात दिवस दिवस झुरायचं काय?

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "ऐकली एकदा कानाला लावून. नुसती टेप होती ती."

"मग टीव्हीवर काय वेगळं असतं?"

"तिथे ती लोकांशी बोलते. कुठे जाऊ नका म्हणते, आणि लोक खरंच थांबतात. घरोघर." त्यांनी डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं. "इथे आणली की ती गेली. तिथे ती अजून ड्यूटीवर आहे."

मी डबा त्यांच्यापुढे सरकवला आणि जेवा म्हटलं.

स्वतःच्या पाळीत त्यांनी एकदा तरी हात आवरायला काय हरकत होती, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. पण मुद्दाम माफी जाऊ देणं म्हणजे काय, हे त्या खोलीत काम करणाऱ्यालाच कळतं. किराणावाल्याने स्वतःच्या हाताने काटा मारण्यातला तो प्रकार. भाऊजींना ते सुचलं असेल, नाही असं नाही. पण त्यांच्याकडून ते झालं नाही.

अशातच नव्या इमारतीचं ठरलं. वाहिनी तिकडून चालणार होती, सगळं संगणकावर. जुना कक्ष बंद होणार, माफीचं यंत्र भंगारात जाणार. नव्या ठिकाणी व्यत्यय आलाच तर वाहिनीचं चिन्ह आणि सनईसारखं काहीतरी वाजणारं संगीत. आवाज नाही. भाऊजींची निवृत्तीही त्याच दिवशी धरली होती. मी हिशेब केला. त्या संध्याकाळनंतर ताई कुठल्याच घरात बोलणार नव्हती.

मी भाऊजींना न विचारता मोठ्या साहेबांकडे गेले. हे साहेब कधीकाळी भाऊजींच्याच हाताखाली शिकलेले, आणि तरुणपणी एकदा किटली घेऊन जिने चढलेले. मी सगळं सांगितलं. ते ऐकून खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मग म्हणाले की संध्याकाळच्या बातम्या संपल्या की वाहिनी नव्या इमारतीकडे द्यायची आहे, तेव्हा मधे थोडा अंधार ठेवता येईल. नव्या घरात शिरताना पाऊल अडखळलं तर वरून कुणी जाब विचारणार नाही. ताईंची माफी पूर्ण जाऊ देऊ, आणि मग राखीव लाइनवरून तिकडचं चित्र घेऊ. भाऊजींनी फक्त काही करायचं नाही.

साहेबांनी हे भाऊजींना स्वतः सांगितलं. मला वाटलं ते नाही म्हणतील. त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की पाटी निळीच राहील ना. माझा जीव भांड्यात पडला.

शेवटच्या दिवशी त्यांनी सकाळपासूनची पाळी मागून घेतली होती. व्यायाम गेला, कार्टूनं गेली, केकवाल्या बाईंचा केक फुगला. दुपारी मालिकेच्या वेळी ते जिना चढून माझ्या खोलीत आले. इतक्या वर्षांत त्या खोलीत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. नवा शर्ट, दाढी गुळगुळीत, हनुवटीवर एक कापल्याची खूण. खुर्चीत बसले आणि आरशातल्या माझ्याकडे बघून म्हणाले, जरा बरा दिसेन असं काहीतरी कर.

मी एरवी काहीतरी टोचून बोलले असते. त्या दिवशी जीभ उचललीच नाही. ती खूण झाकली, डोळ्यांखालचं काळं झाकलं, भुवया सारख्या केल्या. ताईला ते दिसणार नव्हते, हे मला कळत होतं आणि त्यांनाही. तरी मी त्यांना नवरदेवासारखं तयार केलं आणि ते थँक्यू म्हणून खाली गेले.

संध्याकाळच्या बातम्यांना मी नियंत्रण कक्षात जाऊन उभी राहिले. बरेच जण आले होते, मागच्या भिंतीला टेकून. भाऊजी आपल्या खुर्चीत, दोन्ही हात मांडीवर. शेजारी साहेब, कानाला फोन. यंत्र कोपऱ्यात, त्याचा लहानसा दिवा लागलेला. बातम्या देणाऱ्याने शेवटची बातमी दिली, आमच्या इमारतीला निरोप दिला, नमस्कार केला. साहेब फोनवर म्हणाले, सोडा.

भिंतभर पडदे काळे झाले.

मी श्वास धरला. खोलीत कुणी हलत नव्हतं. यंत्रातून टेप फिरायच्या आधी येते तशी खरखर आली. मी डोळे मिटणार होते, तेवढ्यात भाऊजींचा उजवा हात मांडीवरून उठला आणि बटणावर गेला.

पडद्यांवर हवामानाचा नकाशा आला. लख्ख, नव्या इमारतीतला. उद्या आकाश निरभ्र राहील, असं तिथली मुलगी सांगत होती. मागून कुणीतरी सवयीने म्हणालं, "वा, अखंडराव." आणि मग त्याच्याही लक्षात आलं.

साहेब फोनवर बोलत होते, परत द्या, एकदाच परत द्या. पण पलीकडच्यांनी ताबा घेतला होता, कार्यक्रम सुरू झाला होता, आणि आमच्या खोलीतून आता कुठेही काही जात नव्हतं. कोपऱ्यातलं यंत्र फिरतच होतं. कदाचित त्याने वाक्य म्हटलंही असेल. त्याचा आवाज खोलीत कधी लावलेला नव्हता, तो बाहेर घरांत जाण्यासाठी होता.

भाऊजी आपल्या हाताकडे बघत होते.

"हात गेला," ते म्हणाले.

साहेबांनी यंत्रातली टेप काढली, डबीत घातली आणि त्यांच्यापुढे धरली. भाऊजींनी ती घेतली. म्हणाले, "घेतो. तिचीही पाळी संपली."

घरी जाताना मी रस्त्यात भांडले त्यांच्याशी. मला राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. म्हटलं, एवढं सगळं जुळवून आणलं, आणि तुम्हाला एक हात धरून ठेवता आला नाही? ते माझ्या बरोबरीने चालत राहिले. चेहऱ्यावर मी लावलेली पावडर तशीच होती, फक्त दोन्ही गालांवरून ती धुऊन गेली होती. ताई गेली तेव्हा न रडलेला माणूस भर रस्त्यात, चालता चालता रडत होता.

"काळं दिसलं की मला दुसरं काही दिसत नाही गं," ते म्हणाले. "तिला म्हटलं होतं ना, मी आहे तोवर तुला तोंड उघडू देणार नाही म्हणून. बघ. नाही उघडू दिलं."

त्यानंतर माझ्याने भांडवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाऊजींच्या घरी जाऊन चहा केला. भाऊजी तयार होऊन टीव्हीसमोर बसले होते, कामावर जायचं असल्यासारखे. टेपची डबी टीव्हीवर ठेवलेली. व्यायामाचा कार्यक्रम सुरू होता. मी कप त्यांच्याजवळ ठेवला तेवढ्यात चित्र गेलं. नवं घर, नवी माणसं, संगणक रुसला असेल. पडदा काळा झाला आणि भाऊजींचा हात गुडघ्यावरून उठला. तिथे बटण नव्हतं. हात हवेतच राहिला.

एक श्वास गेला, दुसरा गेला. चार गेले, पाच गेले. मग वाहिनीचं चिन्ह आलं आणि ते संगीत वाजायला लागलं. भाऊजी उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेले. आता कुणी बोलणार नाही, हे त्यांच्याइतकं चांगलं कुणाला ठाऊक होतं? तरी ते वाट बघत उभे राहिले.

"कृपया कुठे जाऊ नका," ते पडद्याला म्हणाले. त्यांचा आवाज घोगरा, निवेदनाला अजिबात न शोभणारा. मग पुन्हा एकदा, हळू, "जाऊ नकोस गं."

चित्र परत आलं. व्यायाम करणारी माणसं एका रांगेत हात वर करून उभी होती. भाऊजींचा हातही अजून वरच होता. मी तो धरला आणि खाली घेतला.